लेकीशेजारी

पंच्याहत्तर साली मी वेल्ह्याकडे मास्तर होतो. पासली गावची एक बाई लेकीला शाळेत सोडायला यायची. कुणाशीही बोलली, तरी शेवटी ‘व्हय का न्हाई?’ विचारायची.

लेकीला रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईत डोक्याला किरणांचे शेक दिले. पोर वाचली, पण पाठ असलेले पाढे विसरली. एक ओळ लिहायला तास लावायची. हेडमास्तरांनी ‘मंदबुद्धी’ म्हणून तिचं नाव पटावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी बाई लेकीला घेऊन हेडमास्तरांच्या वर्गात शिरली आणि लेकीशेजारी मांडी घालून बसली.

“शेकानं डोस्कं दमलंय, गुरुजी. पोर जगली, ह्यो काय तिचा गुन्हा हाय? सावकाश शिकवा. न्हाईतर शिकवता येत न्हाई, आसं लिवून द्या!” या वेळी तिनं ‘व्हय का न्हाई?’ विचारलं नाही.

हेडमास्तरांनी नाव पुन्हा लिहिलं.

मला आजही राग येतो, तो माझाच. नाव काढताना मी तिथंच उभा होतो आणि गप्प होतो.