ग्लोरियाचा चारचा फेरफटका

आमच्याकडे मोठ्या पुरुषाच्या नावाआधी मानाने ‘दोन’ लावतात आणि बाईच्या ‘दोन्या’. दोन सिरिलोने आयुष्याची एकतीस वर्षं पापालोआपान नदीत लाकूड ओढणाऱ्या बोटींच्या इंजिनांपाशी काढली. इंजिनाच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नाही. तीच सवय लागली असावी. बायको गेल्यावर तर तो आठवड्यात वीसेक शब्द बोलला तरी पुष्कळ. त्यातले निम्मे ग्लोरियाच्या वाट्याला जायचे.

ग्लोरिया म्हणजे त्याची बोआ. जातीने अजगराची चुलत बहीण, विष नाही, अंगावर तपकिरी-लालसर नक्षी. पुतण्याने हालापा शहरातून आणली होती, रीतसर कागदपत्रांसकट. मग उत्तरेत नोकरी लागली म्हणून "काका, दोन महिने सांभाळा" असं सांगून तो गेला. त्याला सहा वर्षं झाली. ग्लोरिया सव्वादोन मीटर लांब झाली आणि दोन सिरिलोचा जीव तिच्यात अडकला. माणसाला जिवाभावाचं कुणी असलं की त्याने चार घास जास्त खावेत असं वाटतं, तसं त्याला वाटायचं. दर रविवारी एक उंदीर पुरे होता. हा गुरुवारीही एक द्यायचा.

परिणाम व्हायचा तो झाला. ती काचेच्या पेटीत लोळागोळा होऊन पडून राहू लागली, मधला भाग सुजल्यासारखा दिसायला लागला आणि पाच आठवडे पोट साफ झालं नाही. तेव्हा तिला उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्रा टोपलीत ठेवून, त्याने बसने आल्वारादोला नेलं. तिथली जनावरांची डॉक्टरीण माइते तरुण होती, पण बोलायला खमकी.

"आजारी नाही ही. बसून बसून जाड झालीय," ती म्हणाली. "तुम्ही दिवसभर खुर्चीत बसलात तर तुमचं काय होईल?"

"मी बसतोच," दोन सिरिलो म्हणाला.

"मग दोघेही हला. गुरुवारचा उंदीर बंद. आठवड्यातून चार वेळा तिला पेटीबाहेर काढायचं. खोली गरम हवी, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, भिंतीतली भोकं बुजवलेली. खाल्ल्यावर तीन दिवस हात लावायचा नाही. डोळे दुधाळ दिसले की कात टाकणार, तेव्हाही नाही. आधी हात धुवायचे, नाहीतर उंदराच्या वासाने बोटच खायला येईल. नंतरही धुवायचे. उचलताना दोन ठिकाणी आधार द्यायचा. गळ्यात घालायची नाही, कितीही लाडाची असली तरी. आणि एवढ्या मोठ्या जनावराबरोबर एकट्याने राहायचं नाही. खोलीत दुसरं मोठं माणूस पाहिजेच."

सगळं त्याला पटलं. शेवटचं वाक्य मात्र अडचणीचं होतं, घरात दुसरं माणूसच नव्हतं.

आमच्या गावी, त्लाकोताल्पानला, परतल्यावर त्याने खोली तयार केली. फटींत काथ्या भरला, टेबल अंगणात काढलं, चढायला पेरूची एक जाड फांदी कोपऱ्यात घट्ट उभी केली. सोपं काम संपलं. मग दुसरं माणूस शोधायला निघाला. न्हाव्याने ऐकूनच वस्तरा खाली ठेवला. चर्चचा घंटावाला म्हणाला, "सिरिलो, आदामाच्या वेळेपासून आमचं त्या जमातीशी जमत नाही." राहिली शेजारीण.

ती शेजारीण माझी मावशी, दोन्या सेनायदा. डुलत्या खुर्च्यांच्या पाठी आणि बैठका वेताने विणणारी आमच्या गल्लीतली शेवटची बाई. तिचं आणि दोन सिरिलोचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. तो बोटीवर असताना तिने त्याचं अर्धं आंब्याचं झाड तोडायला लावलं होतं, कारण आंबे तिच्या कौलांवर पडायचे. तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त खराट्याने बोलायची. कोण कुणाच्या दारासमोर किती जोराने झाडतं, यावरून त्या दिवसाचा राग कळायचा.

त्या दुपारी मी मावशीकडे वेत भिजवत बसले होते. खिडकीशी सावली आली. हातात टोपी घेऊन दोन सिरिलो उभा.

"दोन्या सेनायदा, तुम्ही सापांना भिता?"

मावशीने मान वर केली नाही. "अकरा वर्षं तुमच्या शेजारी काढली. सापाचं काय घेऊन बसलात?"

मग त्याने सगळं सांगितलं, एका दमात. एवढं बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं. मावशी ऐकत राहिली. पोट साफ न झाल्याचं ऐकून मात्र तिचे हात थांबले.

"पाच आठवडे?"

"आज छत्तीस दिवस."

"अरे देवा. चला."

फेरफटक्याची वेळ दुपारी चारची ठरली. पहिल्या दिवशी ती दारापाशी स्टुलावर बसली, खराटा मांडीवर आडवा धरून. दोन सिरिलोने ग्लोरियाला दोन्ही हातांनी उचलून फरशीवर ठेवलं. बराच वेळ ती हललीच नाही. मग जीभ बाहेर काढत भिंतीच्या कडेकडेने निघाली, हळूहळू, भाड्याची खोली बघायला आलेल्या बाईसारखी.

"चालते कशी बघा," मावशी म्हणाली. "नगराध्यक्षाची बायकोच जणू."

"शेपटीकडे लक्ष ठेवा," दोन सिरिलो म्हणाला. "विळखा घातला तर शेपटीकडून सोडवायचा. डोक्याकडून ओढायचं नाही."

"कळलं. तुम्हाला घातला तर जरा वेळ बघत बसेन, मग सोडवीन."

तो हसला. हसताना त्याचा खालचा एक दात पडलेला दिसला. मावशीला त्या दाताचा पत्ता नव्हता.

चौथ्या फेरफटक्याला पेरूच्या फांदीखाली इतक्या दिवसांचं जे साचलं होतं ते एकदाचं बाहेर आलं. वास असा की दार उघडावं की नाही यावर दोघांचं भांडण झालं. नियम जिंकला, दार बंदच राहिलं. ग्लोरियाला पेटीत ठेवून, कडी लावून, मगच दोघं नाक धरून अंगणात पळाली. मावशीने त्या आनंदात मक्याच्या पिठाचं गरम आतोले केलं आणि त्याच्या घरी पाठवलं. नंतर तिला वाटलं की भांडं परत येणार नाही. आलं, घासून, आणि आत तळलेली केळी.

फेब्रुवारीतली कँडेलेरियाची जत्रा, आमच्या गावचा मोठा सण, दोन आठवड्यांवर आली तेव्हा मिरवणुकीच्या समितीचा माणूस आला. नाचणाऱ्या मुलीच्या गळ्यात ग्लोरिया हवी होती. बदल्यात पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या.

"गर्दी, फटाके, ढोल," दोन सिरिलो म्हणाला. "आणि गळा. नाही."

"तीन तासांचा तर प्रश्न आहे."

"तुमचाच गळा द्या की," मावशी आतून ओरडली. समिती निघून गेली.

पण जत्रेने दुसऱ्या वाटेने त्यांना गाठलंच. नदीकाठच्या एका घरी पाहुणे येणार होते आणि सहा खुर्च्यांचं काम मावशीकडे होतं. पाच झाल्या. सहावीची पाठ आणि बैठक अर्धवट. वेळ वाचवायला ती खुर्ची घेऊनच चारच्या फेरफटक्याला गेली.

"फटी आहेत त्यात," दोन सिरिलो म्हणाला.

"मी विणतेच आहे. बुजतील."

"बरं, असू द्या." पहिल्यांदाच त्याने माइतेचा भोकं बुजवायचा नियम मोडला.

मावशी वेताचा नवा तुकडा घ्यायला वाकली तेवढ्यात ग्लोरिया अर्धवट बैठकीतून वर आली, पाठीच्या विणीत शिरली, पुन्हा खाली वळली. मधला जाड भाग ताणलेल्या वेतांमध्ये अडकला. ती पुढे रेटत होती, वेत अंगात रुतत होता. मग तिने फुत्कार टाकला. तिच्या तोंडून तो आवाज दोन सिरिलोने सहा वर्षांत ऐकला नव्हता. त्याने मागून धरून ओढायला हात घातला.

"ओढू नका! खवले उलटे उचकटतील!"

"मग काय करू?" त्याने हात मागे घेतले. एकतीस वर्षं तापलेल्या इंजिनात हात घालणारा माणूस तो.

"तिला खालून धरा. दोन ठिकाणी. वजन वेतावर येऊ देऊ नका. आणि मला चमचा द्या."

चमचा नव्हताच. त्याच्या खिशात तेलाची पातळी बघायची पट्टी निघाली, जुन्या सवयीची. मावशीने ती ग्लोरियाच्या अंगाच्या आणि वेताच्या मधे सरकवली, तिच्यावर आपला वेत कापायचा चाकू टेकवला आणि एक वेत कापला. मग दुसरा. सहा दिवसांचं काम होतं ते. अकरा वेत कापले तेव्हा ग्लोरिया सैल झाली आणि दोन सिरिलोच्या बाहूंवर सरकली. दोन खवले गेले होते, बाकी ठीक. तिला पेटीत ठेवून तो परत आला आणि फाटक्या खुर्चीसमोर उभा राहिला.

"दोन्या सेनायदा, तुमचं काम..."

"वेत पुन्हा विणता येतो," मावशी म्हणाली. "हात धुऊन या. वेत भिजवायला घ्या."

तीन दिवस तो सकाळपासून तिच्याकडे बसला. इंजिनवाला हात ताण बरोबर ओळखायचा. कुठला वेत सैल, कुठला तुटेल, हे तो बोट टेकवून सांगायचा. मावशीने ते मला मुद्दाम ऐकवलं, म्हणजे माझा ताण कधीच बरोबर नसतो हे मला कळावं. खुर्ची पाहुण्यांनंतर अर्ध्या तासाने पोचली. एका जाड पाहुण्याने तीच निवडली आणि जत्राभर तिच्यातच डुलत राहिला.

मार्चमध्ये माइतेने ग्लोरियाला वजनकाट्यावर ठेवलं. वजन किलोभर उतरलं होतं. "आणि तुमचं?" तिने दोन सिरिलोला विचारलं. उत्तर मावशीने दिलं, की त्याचं वाढलंय, कारण तो तिच्याकडे जेवतो.

आता ती दोघं बोलतात, फार बोलतात. डाव्या गुडघ्याबद्दल, मोहार्रा माशाच्या भावाबद्दल, घंटावाल्याच्या भित्रेपणाबद्दल. भांडतातही. परवा दोन सिरिलोला ताप होता, म्हणून मावशीने मला बोलावलं. मी दोनदा हात धुतले आणि दारापाशी स्टुलावर बसले. मावशीने ग्लोरियाला दोन्ही हातांनी उचललं, अंगाशी धरलं आणि फरशीवर ठेवलं. पलीकडच्या खोलीतून दोन सिरिलो तापाने घोगऱ्या झालेल्या आवाजात ओरडला, "पंखा बंद केला का?"

"केला हो, केला," मावशी म्हणाली. "झोपा तुम्ही."

ग्लोरिया भिंतीच्या कडेने निघाली होती.