पुढचा ब्रेक

ही गोष्ट मी तीस वर्षं टाळली. घरात विषय निघाला की मला नेमकी तेव्हाच तहान लागायची आणि मी स्वयंपाकघरात जायचो. यंदा नातीला मोटरसायकल घ्यायची होती म्हणून सांगावी लागली. सांगून झाल्यापासून मला दुपारची झोप लागते, एवढं आधीच लिहून ठेवतो.

नात चोवीस वर्षांची आहे, गुडगावला नोकरी करते, गाडी तिच्याच पगारातून येणार होती. पण तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, ‘नाही’ म्हणाला होता. “तुझ्यात माझंच रक्त आहे. वेग बघितला की डोकं जातं. माझ्या गुडघ्याकडे बघ आणि ठरव.” ती म्हणाली, “पप्पा हो म्हणतील तेव्हाच घेईन, पण बघायला तर जाऊ दे यार.” बघायला सोबत कोण, तर मी.

द्वारकेत मेट्रोच्या खांबांना लागून शोरूम आहे. तिथे तिने दोन गाड्या निवडून ठेवल्या होत्या, एक लाल, एक निळी. दोन्ही पुढे झुकून बसायच्या, शर्यतीच्या गाड्यांसारख्या. लाल दिसायला उजवी. तिथला विक्रेता मला समजावू लागला, “अंकल, ए.बी.एस. मतलब ज़ोर से ब्रेक मारो तो भी पहिया जाम नहीं होगा. ब्लू में दोनों पहियों पे है, और ट्रॅक्शन कंट्रोल भी. मतलब गीली सड़क पे पिछला पहिया घूमेगा नहीं. रेड में ए.बी.एस. सिर्फ़ आगे है.”

मी म्हटलं, “सिर्फ़ आगे? एकच द्यायचा तर मागे द्यायला हवा ना?” अर्धं मराठीतच बोललो असेन.

तो हसला. “अंकल, रोकता तो अगला ही है.”

नात म्हणाली, “आजोबा, तुमच्या वेळी सेफ्टी म्हणजे हँडलला निंबू-मिर्ची, बस!” तिला ‘लिंबू’ म्हणता येतं, पण म्हणत नाही. मी हसलो नाही. ‘रोकता तो अगला ही है’ एवढंच माझ्या कानात होतं.

तीस वर्षांपूर्वी आम्ही फरीदाबादला राहत होतो. मी कारखान्यात होतो, मुलगा कॉलेजात. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत मीच त्याला मोटरसायकल शिकवली, आणि आमच्या पिढीचा जो पक्का समज तो त्याच्या डोक्यात घातला: पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, लावलास तर हँडलवरून उलटा जाशील. तो विसरायचा. सारखा बोटांनी ब्रेकची दांडी धरायचा. एका संध्याकाळी मी पाना घेतला आणि पुढच्या चाकाजवळचा नट सोडवून ब्रेकची तार सैल करून ठेवली. त्याला सांगितलं नाही. मला वाटलं, पोराचा जीव वाचवतोय.

दुसऱ्या दिवशी बायपासवर ट्रकमधून सांडलेली वाळू होती, आणि आडवी गाय आली. त्याने मागचा ब्रेक दाबला, चाक जाम झालं, गाडी घसरत गेली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. उजवा गुडघा गेला.

हॉस्पिटलात तो पहिलं वाक्य बोलला ते हे: “बाबा, मी चाळीसवर होतो. पुढचा दाबला, पण तो लागलाच नाही.”

खोलीत त्याची आई होती, मामा होता. मी म्हणालो, “वेगात असलास की कुठलाच ब्रेक लागत नाही.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मेकॅनिकचं दुकान उघडायच्या आधी, मी दुकानाबाहेर उभ्या असलेल्या त्या वाकलेल्या गाडीचा नट पुन्हा आवळला. दुपारी मामा गाडी बघून आला. “ब्रेक तर कडक आहे की रे! कशाला थापा मारतोस?” पुढे एक-दोन वर्षं मुलगा ‘चाळीस’ म्हणत राहिला. मग म्हणायचा थांबला. मग पाहुण्यांना स्वतःच हसून सांगू लागला, “तेव्हा माझ्या डोक्यात हवा होती.” त्यानंतर तो दुचाकीवर बसला नाही.

शोरूममागच्या गल्लीत नातीने निळी चालवून पाहिली. विक्रेता ओरडला, “अब मारो! दोनों!” तिने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. गाडीने पुढून मान खाली घातली आणि जिथल्या तिथे सरळ उभी राहिली. ती हेल्मेटची काच वर करून हसत होती. मला बरं वाटत होतं.

घरी आल्यावर ती कपडे बदलायला गेली. मुलगा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आधी सैल केलेली तार, मग आवळलेला नट.

त्याने लॅपटॉप मिटला. मग विचारलं, “किती सैल?”

“दांडी मुठीला टेकेल इतकी.”

त्याने उजव्या हाताची बोटं हवेत मिटून पाहिली. “म्हणजे मी दाबला होता.”

“दाबला होतास.”

“आणि चाळीसच होती.”

“चाळीसच असणार.”

“बिल्कुल टेकली होती,” तो म्हणाला. “मला वाटायचं मी स्वप्नात बघितलं.” मग तो असा काही श्वास सोडून हसला की मला आधी तो रडतोय असं वाटलं. तो माझ्यावर ओरडेल म्हणून मी तयार होतो. त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “ए, कुठली घेतेयस? दोन्ही चाकांना असेल तीच घे. लालबिल काही नाही!”

आतून किंकाळी आली. “पप्पा! सच्ची?”

“आणि पहिल्या दिवशी मागे मी बसणार.”

तो उठू लागला. तो गुडघा पूर्ण वाकत नाही, त्यामुळे टेबलावर दोन्ही हात रोवून, पाय बाजूला काढून त्याला उठावं लागतं. तीस वर्षं मी तेव्हा दुसरीकडे बघत आलो. त्या दिवशी बघितलं.

“अरे,” मी म्हणालो.

“काय, बाबा?”

“काही नाही. सावकाश.”

तार सैल केल्याचं मी सांगितलं होतं, ती आवळल्याचंही सांगितलं होतं. आवळल्याबद्दल ‘चुकलो रे मी’ एवढं म्हणायचं होतं. तोवर तो लंगडत तिच्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचला होता.