मम्मीला सांगू नको

सीताफळाचा वास आला की मला आमचा निळा पडदा आठवतो, गुलमंडीच्या बाजारातून आणलेला. लेकीला मी घरीच शिकवायचे. आधी प्रार्थना, मग पाढे. "प्रभूशी मनातलं सगळं बोलायचं," हे माझंच शिकवणं. एका दुपारी मी सीताफळं फोडत बसले होते, तर पडद्यामागून तिचा आवाज आला, "प्रभू येशू, मला खालच्या मजल्यावरच्या पोरींसारखं बसमधून शाळेत जायचंय. मम्मीला सांगू नको, ती लई चिडती. आमेन." सीताफळ हातातच राहिलं. माझ्या पोटच्या पोरीच्या मनातलं त्याला ठाऊक, मला नाही! असा जळफळाट झाला माझा, तोही प्रत्यक्ष प्रभूवर. आता ती हॉस्टेलवर असते, फोनवर "सगळं मस्त" म्हणते. फोन ठेवला की मी डोळे मिटते आणि त्यालाच विचारते, खरं काय म्हणाली रे ती?