पडद्याआडचे आकडे

मास्तरांनी मापं कधी लिहून घेतली नाहीत. गिऱ्हाईक उभं करायचं, टेप फिरवायचा, आकडे ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे, त्याच वेळी खांदा कुठला पडका आणि पाठीला पोक किती ते डोळ्यांत साठवायचं आणि थेट कापडावर खडू चालवायचा. तीस वर्षं त्यांनी याचाच तोरा मिरवला. बायको पडद्याआड काजं करत बसलेली असे.

मग मेंदूत गुठळी झाली. हातपाय वाचले, पण आकडा टेबलापर्यंत टिकेना. डॉक्टरांनी बायकोला समजावलं, "ऐकलेलं घटकाभर धरून ठेवणारी जागा वेगळी, पाहिलेलं धरणारी वेगळी. त्यांची पहिली अधू झालीय, दुसरी शाबूत आहे. दोन्हींची सांगड घालणारं आणखी तिसरंच असतं. आता सरळ लिहून घेत जा."

लिहायचं म्हटल्यावर मास्तरांचा पारा चढला. धाकटा दीर कात्रीवर टपलेलाच होता. शेवटी तिनेच वाट काढली. मास्तर मोठ्याने म्हणत, "छाती अडतीस," ती पडद्याआड टिपून घेई आणि कापायच्या वेळी कागद गुपचूप त्यांच्या हातात देई. आकडे तिचे, अंग त्यांनी पाहिलेलं. आठ महिने कुणाला पत्ता लागला नाही.

एका दुपारी दोन सख्खे भाऊ कोटासाठी आले. "आधी मी," असं थोरला म्हणाला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि धाकटाच मापाला उभा राहिला. पडद्याआडून तिला हे दिसणार कसं? पहिल्या आकड्यांवर तिने 'थोरला' लिहिलं. मास्तरांना मात्र थोरल्याचा पडका खांदा पक्का आठवत होता. एका कोटात एकाची मापं आणि दुसऱ्याचा खांदा. दोन्ही कोट कुणालाच बसेनात.

"दादा, आता कात्री माझ्याकडे द्या," दीर सर्वांदेखत म्हणाला.

ती कागद घेऊन बाहेर आली. "चूक माझी. मी उलटं लिहिलं."

मास्तर आपली बाजू घेतील, निदान गप्प तरी बसतील, असं तिला वाटलं होतं.

"तुला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला?" मास्तर कडाडले. "माझ्या डोक्यात सगळी मापं पक्की होती!"

दीर वरमला. कात्री वाचली. तिला तेच तर हवं होतं, आणि तरी तिला रडू कोसळलं.

दुकान रिकामं झाल्यावर मास्तर पडद्याआड आले. हळू आवाजात म्हणाले, "ते दोघं उद्या परत येतील मापाला. तू बसशील ना?"

"पक्की आहेत ना डोक्यात?" ती म्हणाली आणि चपला घालून घरी निघाली. उद्या कात्री दिराकडे जाणार, हे तिला कळत होतं.