गाडी तापायची तेव्हा

शिरूरहून दौंडला माल नेणारी माझी गाडी म्हणजे लढाईतला, लष्कराने लिलावात काढलेला ट्रक होता. एकोणीसशे साठच्या आगेमागे अशा गाड्या आमच्या भागात अजून धावत होत्या. मूळचं पेट्रोलचं इंजिन मालकाने काढून टाकलं आणि भंगारातलं डिझेलचं आणून बसवलं. ते बसलं खाली, रेडिएटर राहिला वर, आणि पंखा जाळीच्या खालच्या अर्ध्याच भागातून वारा ओढायचा. धुराचा पाईप लांबीला कमी पडला म्हणून केबिनखालीच संपवलेला, सायलेन्सर नावालाही नाही. त्यामुळे गाडी बोंबलत जायची, माझे तळपाय भाजायचे आणि माल भरलेला असला की न्हावरा गाव मागे पडतंय तोच रेडिएटरच्या झाकणातून वाफ सुटायची. मालक म्हणायचा, तुला चालवता येत नाही. मालकाला सायकलसुद्धा येत नव्हती.

न्हावऱ्याच्या पुढे रस्त्याला लागून एक वस्ती होती. विहीर, कडुलिंब आणि दोन छपरं. तिथे पहिल्यांदा थांबलो तो गाडी पुढे जाईनाच म्हणून. मोट हाकणाऱ्या म्हाताऱ्या आबांनी वाफेचा लोट बघितला आणि बैल थांबवून म्हणाले, "आरं, ह्यापरीस माझा खोंड बरा. त्यो तापला तर गुमान बसून तरी घेतो."

उकळत्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर लोखंड तडकतं. म्हणून बॉनेट उघडायचं, रेडिएटरवर ओलं पोतं टाकायचं आणि गाडी निवेपर्यंत वाट बघायची. ही वाट मी आबांच्या कडुलिंबाखाली बघू लागलो. त्यांची बायको, तिला मी मावशी म्हणायचो, पहिल्या दिवशी न विचारता भाकरी-ठेचा घेऊन आली. पुढे तर गाडीचा आवाज लांबून आला की ती तवा चुलीवर ठेवायची. आबा पिकाचं बोलत, गावच्या सोसायटीतल्या भांडणांचं बोलत, मला लग्न का करत नाहीस म्हणून झापत. मी विहिरीवरून बादल्या आणायचो, माझ्या गाडीला आणि मावशीच्या रांजणालाही. कधी वैरणीची पेंढी उचलून द्यायचो. गाडी केव्हाच निवलेली असायची.

शिरूरला माझी एक भाड्याची खोली होती. आई-वडील लहानपणीच गेले. मामाने वाढवलं आणि मामीने ते रोज बोलून दाखवलं, म्हणून कमवायला लागल्यावर तिकडे फिरकलो नाही. क्लीनर ठेवायला मालक तयार नव्हता, म्हणजे केबिनमध्येही मी एकटाच. दिवसभरात हमाल आणि रेल्वेच्या मालधक्क्यावरचे कारकून बोलत, पण ते माझ्याशी नव्हे, मालाशी. माझ्याशी बोलणारी माणसं फक्त त्या वस्तीवर होती, आणि मला ती फार हवी होती. तेव्हा हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

एकदा वाटेत उशीर झाला आणि दौंडहून कांद्याची वॅगन निघून गेली. मालकाने पुन्हा असं झालं तर दुसरा ड्रायव्हर बघीन म्हणून दम दिला. तेव्हा मी दौंडच्या मिस्त्रींकडे गेलो. स्टेशनजवळ त्यांचं छपराचं गॅरेज होतं. घराणं तिथलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. वडील टांग्याच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे, हे मोटारी बघायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत.

चाचांनी आधी रेडिएटरवर संशय घेतला. धुण्याचा सोडा घालून तो आतून धुतला. गाडी तापलीच. मग पट्टा बदलला. गाडी तापलीच. मग चिडून त्यांनी पाण्याच्या वाटेतली झडप काढून फेकून दिली. तरी तापली. शेवटी इंजिन चालू ठेवून त्यांनी जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं. खाली धरलं की पान जाळीला चिकटायचं, वर धरलं की गळून पडायचं.

"बघ," चाचा म्हणाले, "निम्मा रेडिएटर बसून खातोय."

मग त्यांनी तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून पंख्याभोवती गोल कडं केलं, म्हणजे वारा सगळ्या जाळीतून यावा. पंख्यामागे लोखंडी चकती घालून तो पुढे सरकवला. चकती जाड झाली. पहिल्याच खड्ड्यात पात्याने रेडिएटरला चाटलं आणि पाणी गळायला लागलं. चाचांनी खापर खड्ड्यावर फोडलं, भोकं कथलाने झाळली आणि मुकाट्याने चकती घासून पातळ केली. धुराच्या पाईपला जोड देऊन तो मागच्या चाकांपलीकडे नेला, मोडीत निघालेल्या बसचा सायलेन्सर बसवला. इंजिनखालची गरम हवा गेली, माझे तळपाय वाचले. गाडी अशी चालायला लागली की मला माझाच खोकला ऐकू यायचा.

पहिल्या फेरीला मी वस्तीसमोरून नुसता गेलो. वॅगन गाठायची होती. खिडकीतून हात काढला, पण आबांची पाठ होती आणि मोटेच्या करकरीत त्यांना गाडी ऐकूच आली नसणार. दुसऱ्या फेरीलाही तसंच झालं. मग मात्र थांबणं अवघड होऊन बसलं. धडधाकट गाडी उभी करून सांगायचं काय? आबांच्या घरात तरणी सून होती. ड्रायव्हरच्या जातीला लोक आधीच नावं ठेवतात. कामाशिवाय दारात बसलेला ड्रायव्हर म्हणजे गावाला चघळायला विषय. रोज ठरवायचो, आज थांबू. रोज वस्ती मागे पडायची आणि मी स्वतःलाच शिव्या घालायचो. एकदा तर पंख्याचा पट्टा ढिला करावा असंही मनात आलं. पान्यापर्यंत हात गेला होता.

शेवटी एका दुपारी दौंडहून रिकामा परतताना गाडी कडुलिंबाखाली घातलीच आणि उतरून बुंध्याशी बसलो. आबा मोट सोडून आले. गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरंच दिस झालं. आमाला वाटलं, काम सोडलंस."

"नाही आबा. गाडी नीट झाली. आता तापत नाही."

"ब्येस झालं," ते म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले.

मावशी दारातून हसून म्हणाली, "म्हंजी गरज सरो, वैद्य मरो म्हण की!"

मी पण हसलो. तुमच्यासाठीच आलोय, एवढंच बोलायचं होतं.

"मग आज काय काम काढलंस?" आबांनी विचारलं. आमच्याकडे दारी आलेल्या कुणालाही विचारतात, तसं सहज.

"काही नाही. तहान लागली होती."

रांजणाकडे जायला मी उठलो, तसं मावशीने हातानेच बसवलं. "तू बस, मी देते." ती आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. दुसऱ्या हातात ताटली होती आणि ताटलीत गुळाचा खडा. आमच्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी देतात. इतके दिवस त्या रांजणात मीच पाणी भरलं होतं आणि त्यातलं हवं तेव्हा हाताने घेऊन प्यालो होतो. मला कुणी कधी गूळ दिला नव्हता.

मी गूळ खाल्ला, पाणी प्यालो. आबा सावलीत उभेच होते, बैल खोळंबले होते. मी येतो म्हणालो आणि गाडीत चढलो.