हेलकाव्यांचं गाऱ्हाणं

विजेच्या जाळ्यातही हेलकावे येतात. भरलेली कळशी डोक्यावर घेऊन चालताना पाणी हिंदकळतं तसे. वेळीच सावरलं नाही तर अख्खी रत्नागिरी अंधारात. हे हेलकावे येताक्षणी पकडणारं यंत्र आमच्या उपकेंद्रात बसवलं. यंत्राला क्षणात कळतं. पण पुढे वीजप्रकल्पाला उत्पादन उतरवायला सांगायचं, तर साहेबांची तोंडी परवानगी लागते, आणि साहेबांना कळायला किती वेळ लागतो हे मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

उद्घाटनाला अर्थातच नारळ ठेवून गाऱ्हाणं. एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. साकडं घालायला आमचे जुने फोरमन, पालीकडचे, आवाज खणखणीत. त्यांनी सुरुवात केली आणि यंत्र बोंबलू लागलं. पाहुण्यांना वाटलं, प्रात्यक्षिक. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पडद्यावर पाहिलं, तर हेलकावे खरे होते आणि वाढत होते. ड्युटी माझी. त्यात घरी आई ऑक्सिजनच्या यंत्रावर, आणि इन्व्हर्टर दुरुस्तीला देवरूखला गेलेला.

साहेबांच्या कानाशी लागलो. त्यांनी डोळे न उघडता बोटानेच गप्प केलं. गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं. वीज तुटली तर नुसती चौकशी होते, गाऱ्हाणं तुटलं तर कोप होतो.

मग मी फोरमनच्या मागे जाऊन कुजबुजलो. म्हातारा पक्का. सूर तसूभर न बदलता म्हणाला, “आनि बा म्हाराजा, तारांत जो काय हेलकावा आलाय, त्याच्यासाठी परकल्पाचं उत्पादन आत्ताच्या आत्ता उतरवायला सायबांची परवानगी हाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे गरजले. साहेब सगळ्यांत मोठ्याने.

मी फोनकडे धावलो. हेलकावे निवले तेव्हा बाहेर नारळ फुटत होता. साहेबांनी भाषणात यंत्राचं कौतुक केलं, देवाचं केलं, स्वतःचं तर केलंच.

घरी आलो. आईचं यंत्र घरघरत होतं. इतकं हायसं वाटलं की चपला न काढताच तिच्या पायाशी बसलो.

“आज लाइट नाय गेली?” तिने विचारलं.

“नाही गेली.”

“मंग तुझ्या हापिसात आज काय कामच नव्हतं वाटतं.”