शिकलेली मान्सा

हिराबाई म्हात्रेंना खऱ्या शिव्या पुष्कळ येत होत्या, पण त्या त्यांनी आमच्यावर कधी खर्च केल्या नाहीत. आमच्यासाठी एकच राखून ठेवली होती : "शिकलेली मान्सा!" हे शब्द उच्चारताना टोपलीतलं सडकं वांगं बाजूला काढावं तसा त्यांचा चेहरा व्हायचा. दाराची बेल त्यांनी कधी वाजवली नाही. तळहाताने दोन थापा मारायच्या आणि दार उघडलं की मला नखशिखान्त बघून विचारायच्या, "उठलाव का, शिकलेली मान्सा?" सुरुवातीला मला राग यायचा. आज त्या शिवीत मला एक अक्षरही जास्तीचं वाटत नाही.

गिरगावातल्या चाळीतली खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला आलो, तेव्हा आमच्या इमारतीच्या मागे गोडदेव गावाची भातशेती अजून थोडी शिल्लक होती. मी, माझी बायको सुनंदा आणि माझे वडील, नाना. आई आधीच गेली होती. घरात स्वतःचा संडास असल्याचा आम्हाला इतका अभिमान, की पाहुणा आला की पाण्याच्या आधी संडास दाखवायचो. सात-आठ वर्षं बरी गेली. मग नाना भाजीच्या पिशवीत चपला ठेवायला लागले, आईला हाका मारायला लागले, आणि एकदा मलाच म्हणाले, "आपण कोणाकडे आलात?"

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात एका मोठ्या डॉक्टरांनी त्यांची तोंडी परीक्षा घेतली. पंतप्रधान कोण, असं विचारलं. त्या वर्षी सरकारं इतकी पडत होती की नाना म्हणाले, "सकाळचा पेपर वाचलेला नाही." डॉक्टरांनी उत्तर चूक म्हणून लिहून घेतलं. माझ्या मते त्या खोलीतलं तेवढं एकच वाक्य शहाणपणाचं होतं. नंतर डॉक्टरांनी डिमेन्शिया हा शब्द कागदावर लिहून दिला, हा बरा होत नाही, घरीच सांभाळा, असं सांगितलं आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

आता सांभाळायचं म्हणजे काय, हे विचारायला आम्ही नातेवाइकांकडे वळलो. ही आमची पहिली चूक. एकाने ब्राह्मीचं तेल दिलं, एकीने शब्दकोडी सोडवायला सांगितली. सगळे एकेकदा येऊन गेले. नानांच्या समोर खुर्ची ओढायची, तोंड त्यांच्या तोंडाजवळ न्यायचं आणि ओरडायचं, "मला ओळखलंत का? सांगा बघू मी कोण!" नाना घामाघूम व्हायचे. उत्तर आलं नाही की पाहुणा आमच्याकडे बघून मान हलवायचा, चहा प्यायचा, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तोंड दाखवायचा नाही. माझा थोरला भाऊ, ठाण्याचा दादा, तर दर रविवारी ही परीक्षा घ्यायचा. नापास नाना असायचे, आणि हिरमोड दादाचा व्हायचा.

खरा तमाशा संडासावरून झाला. नानांची चाळीतली चाळीस वर्षं डोक्यातून गेली नव्हती, नंतरचीच गेली होती. सकाळी उठले की ते टमरेल घेऊन दाराबाहेर पडायचे आणि पॅसेजच्या टोकाला जायचे, कारण संडास गॅलरीच्या टोकालाच असतो. आमच्या पॅसेजच्या टोकाला सोसायटीच्या सेक्रेटरींचा फ्लॅट होता. नाना त्यांच्या दारासमोर टमरेल घेऊन शांतपणे नंबर लावून उभे राहायचे आणि फार वेळ झाला की कडी वाजवून म्हणायचे, "अहो, आटपा लवकर." एकदा त्यांना दम धरवला नाही, आणि जे व्हायचं ते तिथेच झालं. सेक्रेटरींनी नोटीस लावली. त्यात वडिलांचं नाव नव्हतं, 'काही सदस्यांच्या अस्वच्छ सवयी' एवढंच होतं. सभेत ते मला म्हणाले, "आम्हाला सहानुभूती आहेच, पण लेडीज आहेत, लहान मुलं आहेत." सहानुभूतीनंतरचा तो 'पण' मी त्या वर्षात निदान पन्नास तोंडांतून ऐकला.

तेव्हा आम्ही दोन शिकलेल्या माणसांनी काय केलं? कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायला लागलो. दुपारी सुनंदा शाळेतून येईपर्यंत नाना आत. याला आम्ही आपसात 'सोय' म्हणायचो.

हिराबाई आमच्या गेटसमोर भाजी विकायच्या. पन्नाशी उलटलेली, काटक, गोडदेवची बाई. एका शनिवारी मी लवकर परतलो तर त्या टोपली सोडून जिन्यात उभ्या. म्हणाल्या, "सायेब, वर कोन कोंडलाय?"

"माझे वडील आहेत. त्यांना जरा विसरायला होतं."

"गिरीलला धरून हाका मारतान. तीन दिस आयकतेय मी. आमी बकरीला बी दोरी लांब ठेवतंव." मी डिमेन्शिया म्हणजे काय ते समजावायला लागलो. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझी सासू नव वरसं तशीच व्हती. तवा त्याला नाव नव्हता, म्हनून आमी तिला सांबालली."

दुसऱ्या दिवसापासून भाजीची टोपली सुनेकडे गेली आणि हिराबाई आमच्याकडे यायला लागल्या. पगार किती, किती वाजता यायचं, हे सगळं त्यांनीच ठरवलं. आम्हाला विचारलं एवढंच, की चाळीतल्या संडासाचं दार कसलं होतं. हिरव्या फळ्यांचं होतं, मी म्हणालो. त्यांनी आमच्या संडासाच्या सनमायकाच्या दाराला हिरवा ऑइलपेंट फासला, वर एक मोठी कडी ठोकली आणि खिळ्याला टमरेल अडकवलं. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, दारासाठी. तरी नाना आत जाईनात. दारासमोर नुसते उभे. आम्ही म्हणायचो, "नाना, जा ना, कोणी नाहीये!" हिराबाईंनी कपाळावर हात मारला. "कोनी नाय म्हनूनच जात न्हाय तो मानूस. चालीत कंदी मोकला बगितलाय का त्यानं?" मग त्या स्वतः नानांच्या पुढे नंबर लावून उभ्या राहिल्या. आत गेल्या, पाणी ओतलं, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जावा नाना, तुमचा नंबर." नाना म्हणाले, "आभारी आहे," आणि गेले. सेक्रेटरींच्या दाराकडे ते पुन्हा कधी फिरकले नाहीत.

परीक्षा त्यांनी पहिल्याच रविवारी बंद केली. दादाने "ओळखा पाहू" म्हणून खुर्ची ओढली, तशा त्या मध्ये उभ्या राहिल्या. "तुमीच सांगा ना तुमी कोन. तुमाला ठावं हाय ना?" दादा एवढासा झाला. संध्याकाळी त्या नानांना घेऊन भाजी मार्केटपर्यंत फिरवून आणायच्या, आणि वाटेतल्या प्रत्येकाला दाखवायच्या : रिक्षावाले, शहाळीवाला भैया, इस्त्रीवाला. "ये हमारा नाना हाय. अकेला दिखा तो घर छोडनेका." दोनदा नाना खरंच एकटे निसटले आणि दोनदाही रिक्षावाल्याने आणून सोडले. आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत एकालाही हे काम सांगायचं आम्हाला सुचलं नव्हतं. आम्ही लपवत होतो ना!

एवढं सगळं मार्गी लागलेलं असताना आम्ही काय करावं? एका रविवारी दादा वसईकडच्या कुठल्याशा वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊन आला. तिथे खोलीला जाळी होती आणि भेटायला महिन्यातून एक दिवस. हिराबाई आत भाकऱ्या करत होत्या. बाईला कळायला नको म्हणून आम्ही इंग्रजीत बोलायला लागलो. समोर नाना बसले होते. ज्या माणसाने पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत इंग्रजी खलिते लिहिले, आम्हा दोघांना ती भाषा छडी घेऊन शिकवली, त्याच्या तोंडासमोर आम्ही त्याच भाषेत त्याची विल्हेवाट लावत होतो. दादा म्हणाला, त्यांना आता कुठे असलं तरी सारखंच. सुनंदा म्हणाली, मलाही आयुष्य आहे. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात सही करतो. नाना मधेच उठून स्वयंपाकघरात गेले. पाणी प्यायला गेले असतील, असं समजून आम्ही बोलत राहिलो.

सही मी केली नाही. त्यात थोरपणा काही नव्हता. सोमवारपासून हिराबाई सकाळी आठऐवजी सातला यायला लागल्या, दिवेलागणीनंतर जायला लागल्या. सणवार नाही, सुट्टी नाही. नानांचा त्रास असा आम्हाला उरलाच नाही, आणि फॉर्म कपाटात पडून राहिला. माणुसकीने जे जमलं नसतं ते आमच्या आळसाने जमवलं. पुढे दीड वर्षाने नाना घरातच गेले, स्वतःच्या पलंगावर, हिराबाई पेज भरवत असताना.

तेराव्याला घर भरलं होतं. दादा सगळ्यांना सांगत होता, "शेवटपर्यंत आम्ही त्यांना घरातच ठेवलं." सेक्रेटरी मान डोलावत जिलबी खात होते. हिराबाईंचं पान आम्ही आत, ओट्याखाली मांडलं होतं. मी तिथे गेलो. मोठ्या मनाने कबुली द्यावी असं मला वाटत होतं, आणि त्या मोठ्या मनाचं कौतुकही वाटत होतं. म्हणालो, "हिराबाई, तुम्ही नसतात तर आम्ही नानांना पाठवून दिलं असतं."

"ठावं हाय," त्या वर न बघता म्हणाल्या.

"कसं?"

"त्या आयतवारी तुमी इंग्लिश बोललाव. मना काय कलनार? नाना आत आले, माझे बाजूला पाटावर बसले, न् समदा सांगितला. मराठीत. कोन काय बोलला ता बी. तुमचा बी."

त्यांनी वरणात भात कालवला.

"मंग मना इचारला, 'हिराबाई, तुम्ही उद्या येणार ना?' मी बोलले, येनार. तवापासना एक दिस चुकला न्हाय माजा."